काळ्या कपाटावरचा पांढरा पक्षी

वसईला गेले की कुणी ना कुणी विचारतंच, कॅनडात तू नेमकं काय काम करायचीस? मी सांगते, जुनी कपाटं दुरुस्त करायचे. मग समोरच्याच्या चेहऱ्यावर दया येते. एवढ्या लांब जाऊन बाईच्या नशिबी सुतारकाम आलं, असं त्याला वाटत असावं. एका लग्नात माझ्या मावसभावाने मला बाजूला घेतलं आणि घरच्या कपाटाची बिजागरी करकरते, तिचं काय करू, असं हळूच विचारलं. मी म्हटलं, तेल घाल. बाकी कपाटाला तेल लावण्याबद्दल माझं मत फार वेगळं आहे, पण ते लग्नाच्या मांडवात सांगण्यासारखं नव्हतं. आता आपल्या नाताळ अंकाने लिहायला सांगितलंच आहे, तर सांगते.

खरं म्हणजे लाकडाला मी फारसा हात लावत नसे. लाकूड डगचं. डग आमच्या वर्कशॉपचा मालक, अबोल, लांबलचक हातांचा माणूस. वर्कशॉप डार्टमथला, मी हॅलिफॅक्सला राहायची, मधे समुद्राची खाडी, म्हणून रोज फेरीने जायचे. माझ्या वाट्याला यायची कपाटांची कातडी, म्हणजे वरची लाख, वरचा रंग, वरचं सोनं. माझे वडील चर्चमधले पुतळे रंगवायचे. सोन्याचा वर्ख लावताना श्वास कसा धरायचा हे मी त्यांच्या शेजारी बसून शिकले होते. डगने मला नोकरीवर घेताना पहिल्या दिवशी एक वर्खाचं पान हातात दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून ये म्हणाला. बाकीची विद्या त्याने हळूहळू शिकवली.

आमच्याकडे पुष्कळ काही यायचं, पण माझा जीव जडला तो काळ्या इंग्रजी कपाटांवर. फार पूर्वी चीन-जपानकडून जहाजांनी लाखेच्या चकचकीत वस्तू इंग्लंडात गेल्या आणि तिथल्या बड्या लोकांना त्यांचं वेड लागलं. खरा माल थोडा, घेणारे पुष्कळ. मग लंडनच्या कारागिरांनी तसलीच कपाटं घरी करायला घेतली. चिनी लाख म्हणजे तिकडच्या एका झाडाचा चीक. तो इंग्लंडला मिळेना. म्हणून त्यांनी आपल्याकडचा चपडा मागवला, जो आपले सुतार पॉलिशला वापरतात तोच. तो स्पिरिटमध्ये विरघळवायचा, काजळी घालून काळा करायचा, आणि हातावर हात देत जायचं. प्रत्येक हात वाळला की घासायचा. शेवटी त्या काळ्यात तोंड दिसलं पाहिजे. मग खडूची पूड आणि डिंक कालवून थेंबाथेंबाने माणसं, पक्षी, डोंगर उठवायचे आणि त्यांच्यावर सोन्याची पूड बसवायची. या सगळ्या उद्योगाला ते म्हणायचे जपानिंग. करणारा इंग्रज, चित्र चीनचं, लाख हिंदुस्थानची आणि नाव जपानचं.

या कारागिरांपैकी कुणी चीन पाहिला नव्हता. म्हणून त्यांच्या चित्रांत पुलापेक्षा बगळा मोठा असतो. डोंगर एकावर एक ठेवलेल्या भाकऱ्यांसारखे दिसतात. मासे धरणाऱ्याच्या हातात गळाची काठी असते, दोर नसतो. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे मी त्यांच्याकडे आदराने पाहायला लागले. कधी न पाहिलेल्या देशाचं एवढ्या आत्मविश्वासाने चित्र काढायचं आणि ते इतकं देखणं करायचं की शेकडो वर्षं माणसांनी दिवाणखान्यात मिरवावं, हे सोपं नाही. एका बगळ्याच्या पंखाच्या रेघा मी भिंगातून तासन् तास पाहिल्या आहेत. एका दमात ओढलेल्या रेघा, कुठे हात थरथरलेला नाही. मला तशी एकही ओढता आली नाही, याची खंत अजून आहे.

गिऱ्हाइकांच्या नाना तऱ्हा. एकाने लिलावात असलं कपाट घेतलं होतं आणि ते चीनच्या बादशहाच्या महालातलं आहे असा त्याचा ठाम समज. डगने शांतपणे सांगितलं, हे लंडनचं आहे. तो माणूस खुर्चीत बसला, जणू जवळचं कुणी गेल्याचं कळलं होतं. मला राहवेना. मी त्याला जवळ बोलावून तो दोर नसलेला मासेवाला दाखवला आणि म्हटलं, बादशहाच्या महालात असला मासेवाला ठेवतील का? हा फक्त तुमच्याकडे आहे. तो बराच वेळ पाहत राहिला, मग हसला. पुढे दर वर्षी तो मासेवाल्याची ख्यालीखुशाली कळवायचा.

पण मला सांगायचंय ते मिसेस ॲबटच्या कपाटाबद्दल. २०१६चा नाताळ होऊन महिना झाला असेल. टोरांटोहून स्टीव्हन नावाच्या गृहस्थाचा डगला फोन आला. हॅलिफॅक्सला त्याची म्हातारी आत्या राहते, मिसेस ॲबट. तिच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं काळं कपाट आहे. नाताळला तो आला तेव्हा कपाट पांढरं पडलेलं दिसलं. कुणी आणि काय केलं ते त्याला जाणून घ्यायचं होतं. आत्याची देखभाल करायला घरात एक बाई आहे, तिचं काम असेल तर तिला ठेवणार नाही, हेही त्याने सांगून टाकलं. घरातली महत्त्वाची कामं तोच पाहायचा.

आम्ही गेलो. बाहेर बर्फ, आत ते जुन्या घरांतलं बेताचंच हीटिंग. मिसेस ॲबट खिडकीशी शाल पांघरून बसल्या होत्या. डोळ्यांनी त्यांना अंधुकच दिसायचं. देखभालीची बाई हसून दार उघडून आत गेली. डगला तिने नाव ब्रिजेट सांगितलं. मला ती फिलिपिनो वाटली.

मग कपाट पाहिलं. दोन दारांचं, कोरीव सोनेरी पायांवर उभं, उत्तम कामाचं. आणि त्या काळ्यावर धुकं बसल्यासारखा पांढुरका थर. भेगाभेगांत तर पांढऱ्या रेघा. डगने मान हलवली. चपड्यात ओल शिरली की तो असा पांढरा पडतो. पॉलिशच्या टेबलावर गरम कप ठेवला की गोल डाग पडतो ना, तसं. वरवर असेल तर निभावतं. खोलवर गेलं असेल तर जुनं काम खरवडून नवं करावं लागतं, आणि नवं केलं की ते कपाट राहतं, ते काम राहत नाही.

मी आमचा जुना तापणारा दिवा जवळ नेऊन खालचा कोपरा पाहू लागले. दिव्याखाली पांढरं दिसेना. दिवा हलवला, थोड्या वेळाने पांढरं परत आलं. असं ओलीने होत नाही. मग मी वाकून वास घेतला. उघड्या हाताने लाख शिवायची नाही, हा डगचा कडक नियम. तरी मी हातमोजा काढला आणि तळवा दारावर टेकवला. उचलला तेव्हा माझ्या तळव्याएवढा काळा, लखलखीत तुकडा समोर होता, आणि हात तेलकट. आपल्याकडे थंडीत बाटलीतलं तेल गोठलं की आई ती बाटली उन्हात ठेवायची, ते आठवलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, हे तर खोबरेल."

माझ्या मागे ट्रेमधले कप खडखडले. चहा घेऊन ब्रिजेट उभी होती आणि तिला मराठी कळलं होतं.

डग व्हॅनची व्यवस्था करायला बाहेर गेला तेव्हा ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. ब्रिजित तिचं खरं नाव, वसईतल्या नाळ्याची, आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावरची. पुढचं सगळं आम्ही आमच्या बोलीत बोललो, इथे सर्वांच्या सोयीने लिहिते. मिसेस ॲबट रोज सकाळी कपाटापाशी जाऊन डाव्या दारावरच्या एका उठावाच्या पक्ष्यावरून बोट फिरवायच्या. दिसत नसल्याने तेवढीच त्यांची कपाटाशी भेट. डिसेंबरात त्या म्हणाल्या, पक्षी कोरडा लागतो.

"नाताळ आलेला, बाय," ब्रिजित म्हणाली. "आपण घरच्या आल्ताराला तेल नाही का लावत? तसंच दोन दारांचं, तसंच सोनं. मी आईने दिलेली बाटली होती ती गरम केली आणि छान मसाज करून लावलं. इतकं चमकत होतं. सकाळी उठून बघते तर पांढरं. पुसायला गेले तर फडक्याला सोनं आलं. मग मी हातच लावला नाही."

नाताळआधी आल्ताराच्या, म्हणजे घरच्या देवघराच्या लाकडाला तेल लावायचं, हे आपल्याकडे कुणी शिकवावं लागत नाही. माझी आई लावायची, मी लावायचे. सागवानाला ते मानवतं. लाखेच्या तडकलेल्या जुन्या कातडीवर ते नुसतं बसून राहतं, भेगांत शिरतं, धूळ धरतं आणि हॅलिफॅक्सच्या थंडीत गोठतं. हे तिला कुठून माहीत असणार? आणि हे असं फक्त आपल्याच बाईच्या हातून होऊ शकतं, हे मला तिथेच उमगलं. ते तेल पाहिल्यावर कुणी लावलं हे विचारायचीही गरज नव्हती.

ब्रिजित केअरगिव्हरच्या परमिटवर आली होती. तिचे कामाचे तास पूर्ण व्हायला थोडे महिने राहिले होते. त्यानंतर तिला पीआरला, म्हणजे कायमचं राहण्याच्या परवान्याला, अप्लाय करता येणार होतं, आणि मग नवरा आणि मुलगी येणार. नोकरी गेली तर नवा मालक शोधा, नवं परमिट काढा, परत वाट पाहा.

"मी निघाले तेव्हा डेझी बालवाडीत होती," ती म्हणाली. "आता व्हिडिओ कॉलवर माझ्याशी बोलायला लाजते. पाहुण्यांशी लाजतात तशी. बाय, तुम्ही ओलच आहे म्हणून सांगा."

मला त्या क्षणी तसंच सांगावंसं वाटलं. एवढ्या मोठ्या शहरात आपल्या बाजूची एक बाई भेटते आणि भेटताच तिच्या मुळावर आपणच उठायचं, हे काय आलं नशिबी? मी चहा प्यायले. तो मात्र फक्कड होता, आलं घातलेला.

पुलावरून व्हॅन जाताना मी डगला सारं सांगितलं. तो म्हणाला, घाण कसली आहे हे मालकाला खरं सांगायचं, ते आपलं काम. कुणी केली हे सांगणं आपलं काम नाही. मी म्हटलं, डग, त्या घरात खोबरेल दुसऱ्या कुणाचं असणार? त्याने खांदे उडवले. घरी जाऊन मी ब्रिजितला फोन केला. कपाट परत आणीन तेव्हा मला तेल होतं असंच सांगावं लागेल, त्याआधी तू स्वतः सांग, असं म्हटलं. ती बघते म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

कपाट बरेच आठवडे माझ्याकडे होतं. सुटायला आलेलं सोनं आधी जागेवर बसवावं लागतं. त्यासाठी माशाच्या फुग्यापासून केलेला सरस वापरतात. आपल्या कोळी भावांना सांगितलं तर हसतील, पण त्याच्याइतका नाजूक आणि इमानी सरस दुसरा नाही. बारीक कुंचल्याने त्याचा थेंब भेगेखाली सोडायचा आणि हलक्या हाताने दाबायचं. मग तेल. काडीला कापूस गुंडाळायचा, रॉकेलच्या जातीचा पण स्वच्छ, सौम्य द्रव लावायचा आणि तो बोळा नुसता फिरवायचा. घासला की सोनं गेलंच. एक बोळा मळला की दुसरा. माझ्या मनगटांची वाट या कामानेच लागली, पण काय सांगू, त्या पांढऱ्याखालून जे काळं वर आलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. विहिरीत वाकून पाहावं तसं खोल काळं, आणि त्यावर पूल, छत्रीवाल्या बायका, घरापेक्षा मोठा मोर. ज्याने केलं त्याचं नाव कुणाला माहीत नाही. मी रोज काम सुरू करताना मनातल्या मनात त्याला नमस्कार करायचे.

शेवटी त्या डाव्या दारावरच्या पक्ष्यापाशी आले आणि थबकले. बाकी सगळे पक्षी त्या कारागिराचे, बारीक रेघांचे. हा गुबगुबीत, जाड. उठाव पुट्टीचा. सोनं नव्हे, पितळेची पूड घातलेला साधा रंग, काळवंडलेला. भिंग लावून पाहिलं तर चोच ओळखीची वाटली. फेरीत रोज सँडविचवर टपून बसणारा आमच्या हार्बरचा सीगल. चीनच्या तळ्याकाठी तो आरामात बसला होता. कधीतरी मूळ पक्षी तुटला असणार आणि घरातल्या कुणीतरी हा बसवला असणार. डग म्हणाला, म्युझियमवाले असते तर त्यांनी काढून टाकला असता. आधी बाईंना विचारू. म्हणून मी पक्ष्यावरचं तेल तसंच ठेवलं.

कपाट परत नेलं त्या दिवशी मला सकाळपासून काही गोड लागत नव्हतं. ब्रिजितने दार उघडलं, पण नजर वर केली नाही. तिने सांगितलं नव्हतं हे मला कळलं. दिवाणखान्यात कपाट जागेवर उभं केलं. मिसेस ॲबटच्या टेबलावर फोनच्या स्पीकरवर स्टीव्हन होता. काम झाल्याचं त्याने ऐकलं, आभार मानले आणि विचारलं, ते पांढरं नेमकं काय होतं? डगने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ब्रिजित पुढे आली. हात एप्रनला पुसत, सरळ फोनकडे बघून तिने इंग्रजीत सांगितलं की ते तेल होतं आणि ते तिने लावलं होतं.

मग मिसेस ॲबट बोलल्या, अगदी साध्या आवाजात.

"मला माहीत आहे, ब्रिजेट. मी आंधळी होत चालले आहे, माझं नाक शाबूत आहे. तू लावलंस त्याच रात्री मला वास आला होता."

स्टीव्हनने विचारलं, मग इतके महिने सांगितलं का नाही? त्या म्हणाल्या, तू तिला काढलं असतंस म्हणून. मग त्यांनी त्या पक्ष्याची गोष्ट सांगितली. लहानपणी त्यांनी तीनचाकी सायकल दिवाणखान्यात चालवली आणि कपाटावर आदळवली. मूळ बगळ्याचे तुकडे झाले. त्यांचे वडील बोटी रंगवायचे. ते बोटीची पुट्टी आणि बोटीचा रंग घेऊन बसले आणि त्यांना येत होता तो पक्षी त्यांनी केला. कपाट बघायला येणारे जाणकार त्या पक्ष्याला हसायचे. त्या मात्र रोज त्याच्यावरूनच बोट फिरवायच्या.

"या कपाटावर ज्याने ज्याने माया केली, त्याने त्याला चुकीचंच काहीतरी लावलं," त्या म्हणाल्या. "माझ्या बाबांना कुणी घराबाहेर काढलं नाही. ब्रिजेट इथेच राहील, स्टीव्हन. कपाट तुझ्याकडे आलं की तुला हवं ते कर."

स्टीव्हन वाईट माणूस नव्हता. ठीक आहे, आत्या, एवढंच तो म्हणाला. ब्रिजित मात्र स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि मला तिच्यामागे जायची हिंमत झाली नाही. मीही डोळे पुसत होते. जे मला तिच्यासाठी लपवावंसं वाटलं होतं, ते त्या म्हातारीने माझ्याआधी, माझ्यापेक्षा शांतपणे लपवून ठेवलं होतं.

सीगल काढायचा का, हे विचारण्यात आता अर्थ नव्हता. तेल तेवढं काढते, असं मी म्हटलं. मिसेस ॲबटनी बोट फिरवून पाहिलं आणि नको म्हणाल्या. तेल लागल्यापासून तो जिवंत पक्ष्यासारखा लागतो. घाण पूर्ण काढल्याशिवाय काम सोडायचं नाही, हा आमचा नियम डगने आयुष्यात पहिल्यांदा मोडला. तळव्याएवढी जागा तेलकट राहू दिली.

पुढच्या हिवाळ्यात कपाट तपासायला मी एकटीच गेले. मधल्या काळात ब्रिजितचे तास पूर्ण झाले होते. अप्लाय केलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी पीआर आलं. नवरा आला, डेझी आली. बसच्या रस्त्यावर त्यांनी छोटी जागा घेतली. डेझी आता आईशी भांडते, म्हणजे सगळं ठीक आहे. टोरांटोला आपले पुष्कळ लोक आहेत, चर्चमध्ये मराठी मिस्सा होते, तिला बरी नोकरीही मिळाली असती. मी दर हिवाळ्यात कपाट पाहायला जायचे आणि दर हिवाळ्यात ब्रिजितच दार उघडायची. भल्या सकाळी, बर्फ तुडवत, बस पकडून आलेली.

निवृत्त होण्याआधी शेवटची गेले, तेव्हा बाहेर कडाक्याची थंडी होती. काळ्या दारावर तो पक्षी पांढराशुभ्र झाला होता. बाकी कपाट काळं, लखलखीत, माझ्या हातचं. मिसेस ॲबट काठी टेकत कपाटापाशी आल्या, पक्ष्यावर बोट ठेवलं आणि थांबल्या. मग ब्रिजितला हाक मारली. ब्रिजितने हात एप्रनला पुसला आणि तळवा पक्ष्यावर ठेवून उभी राहिली. जरा वेळाने तिने हात काढला. पक्षी पुन्हा पितळी झाला होता. मिसेस ॲबटनी त्याच्यावरून बोट फिरवलं, चोचीपासून शेपटीपर्यंत, आणि समाधानाने खुर्चीकडे वळल्या.

मी आमच्या बोलीत ब्रिजितला विचारलं, आता तर तुला इथे कशानेच बांधलेलं नाही. टोरांटोला का नाही जात?

तिने तेलकट तळवा एप्रनला पुसला.

"यांचे हात थंड असतात ना, बाय," ती म्हणाली.